अर्धवट राहिलेले केस

पार्लरमध्ये सगळ्या तिला धाकटी म्हणत. हात असा हलका, की केस कापून घेताना गिऱ्हाइकाला डुलकी लागायची. तिला फिट्स येतात, हे मात्र तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. गोळी ती लपून घ्यायची. जागरण सोसत नाही म्हणून मैत्रिणींबरोबर कुठे जायची नाही. त्या तिला 'कोंबड्यांबरोबर झोपणारी' म्हणून चिडवत, तीही हसण्यावारी नेई. घरी न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही, असा वहिनीचा दंडक होता. एवढ्या मोठ्या बाईला त्याचीही लाज वाटे.

त्या आठवड्यात शेजारच्या तान्ह्या बाळाच्या रडण्याने तिच्या झोपेचं खोबरं झालं. एका दुपारी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचे केस कापता कापता ती कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावली गेली होती, कपडे ओले झाले होते आणि मालकीणबाई स्वतः फरशी पुसत होत्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. भाऊ येऊन घरी घेऊन गेला. त्यानंतर तिने मालकीणबाईंचा एकही फोन उचलला नाही.

काही दिवसांनी त्या शाळेच्या बाईच तिच्या दारात हजर. डोक्यावरचा रुमाल त्यांनी सोडला, तर केस एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत.

"दुसरीला हात लावू दिला नाही मी," बाई म्हणाल्या. "कात्री आण."

"पुन्हा तसं झालं तर?"

"तर मी काय करायचं, ते आधी सांग. त्या दिवशी आम्ही नुसत्या ओरडत होतो. एकजण तर तुझ्या तोंडात चमचा घालायला निघाली होती."

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मान खाली घालूनच तिने सांगितलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टरांना बोलवा.

"आणि अंगावर एखादी चादर टाका," हे म्हणताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाईंनी मान डोलावली आणि त्या खुर्चीत बसल्या. केस सारखे झाल्यावर म्हणाल्या, "हेच उद्या तिथे सांग."

दुसऱ्या दिवशी पार्लरच्या दाराशीच उभं राहून तिने सगळं सांगितलं.

"लपवलंस त्याचा राग आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "फरशीचा नाही."

त्यांनी तिचा एप्रन पुढे केला. धाकटीने तो घेतला, पण मान वर करून त्यांच्याकडे बघणं काही तिला जमलं नाही.