अकरा महिन्यांची फट

बैठकीच्या कागदांत शेवटच्या पानावर एक ओळ होती: 'जुना उपग्रह सोमवारी दुपारी बारा वाजता बंद करण्यास समितीची हरकत नाही.' खाली तीन सह्या. तिसरी सही पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही तिच्या वडिलांची होती.

एकोणीस वर्षं तो उपग्रह ढगांवरून परत फिरणारं ऊन आणि पृथ्वीवरून निसटणारी उष्णता मोजत होता. पहिली आठ वर्षं हे काम वडिलांनी सांभाळलं, निवृत्तीनंतर तिने. सगळं केंद्र तिला ढगाबाई म्हणायचं.

"नवा उपग्रह अकरा महिन्यांनी जातोयच की," संचालक म्हणाले. "जुन्यासाठी अडकलेली अँटेना आम्हाला दुसऱ्या कामाला हवीय. तोवर ढग काय पळून जाणार आहेत?"

"पळूनच चाललेत. समुद्रावरचे खालचे ढग ऊन परत पाठवतात, म्हणून पृथ्वी जरा थंड राहते. ते विरळ होतायत. दहा वर्षांत शंभरात एक भागसुद्धा नाही, इतका बारीक फरक. दोन यंत्रांच्या मापांतच त्याहून जास्त तफावत असते. दोघांनी काही महिने एकाच वेळी तेच ढग मोजले, तरच नव्याचं माप जुन्याला जुळवता येतं. नाहीतर उद्या आकडा बदलला, तर ढग बदलले की यंत्र, हे कोण सांगणार? तुम्ही?"

"आवाज खाली."

"एकोणीस वर्षांवर पाणी सोडताय, आणि मी आवाज खाली करू?"

"तुमच्या वडिलांना पटलंय," संचालक म्हणाले आणि उठले.

ती तडक माहेरी गेली. वडील गॅलरीत नखं कापत बसले होते. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा, सही का केलीत?"

"अगं, मी नाही म्हटलं असतं तरी त्यांनी केलंच असतं."

"मग नाही म्हणायला काय झालं होतं?"

ते पुन्हा नखं कापू लागले. आतून आई म्हणाली, "गाडी पाठवली होती त्यांनी. इस्त्रीचा सदरा घालून गेले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी समितीवर बोलावलं."

"गाडीसाठी? मापं जुळल्याशिवाय जुनं यंत्र सोडायचं नाही, हे मला शिकवलं कोणी? एका आकड्यासाठी मला तीनदा प्रबंध लिहायला लावलात!"

तिने पर्समधून कोरा कागद काढून त्यांच्या मांडीवर आपटला. "लिहा. माझी संमती मी मागे घेतो."

"म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणतील."

"म्हणू देत."

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण कारणं एकूण एक बरोबर होती. ते पत्र तिने या मोजणीवर काम करणाऱ्या एक्केचाळीस गटांना पाठवलं. रविवारी संध्याकाळपर्यंत संचालकांच्या नावाने तीसेक निषेधपत्रं येऊन थडकली. सोमवारी ती नियंत्रण कक्षात अभियंत्याच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभी राहिली. बाराला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"बंद करायचं थांबवायचंय," अभियंता रिसीव्हर ठेवत म्हणाला. "पण दिवसातून एकदाच माहिती उतरवून घ्यायची. बाकी वेळ अँटेना दुसऱ्या कामाला."

नवा उपग्रह अकरा नाही, चौदा महिन्यांनी गेला. तिला दोघांची सोबत सहा महिने हवी होती. जुन्याचं इंधन त्यानंतर नऊच आठवड्यांत संपलं. मापं जुळली, पण हवी तितकी घट्ट नाहीत. पुढच्या प्रत्येक आकड्याला आता थोडी शंका चिकटून राहणार होती.

वडिलांना समितीतून काढलं. केंद्राच्या त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं, 'संचालकांच्या दूरदृष्टीमुळे ही नोंद अखंड राहिली.' तिने त्या ओळीवर लाल पेनाने काट मारली, शेजारी 'खोटं' लिहिलं आणि ती प्रत संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी वर पाहिलं नाही.

रविवारी वडिलांनी विचारलं, "किती जुळलं गं?"

तिने आकडा सांगितला. दारातूनच. आई बस म्हणाली, पण ती बसली नाही.