भिंतीवर उलटी गल्ली

रविवारी सकाळी छायानं समोरच्या खोलीच्या खिडक्या काळ्या कागदानं झाकल्या, दाराच्या फटीत चादरी कोंबल्या आणि रस्त्याकडच्या कागदाला पेन्सिलीनं एकच भोक पाडलं. तिची लेक रोशनी आणि शेजारची काजल अंधारात डोळे ताणून बसल्या. हळूहळू भोकातून आलेल्या उजेडानं समोरच्या भिंतीवर देवळी गावातली ती अख्खी गल्ली उमटली, खाली डोकं वर पाय! आभाळ तळाशी, लिंबाचं झाड लटकलेलं आणि उन्हात भाजी विकत बसलेल्या आनंदाबाई उलट्या. पोरींचं हसू थांबेना.

तेवढ्यात भिंतीवरून एक मोटारसायकल सुसाट आली. चालवणाऱ्याची मान हातातल्या मोबाइलकडे. गाडी टोपल्याला धडकली, म्हातारी कोलमडली.

"गुलाबकाका!" काजल किंचाळली.

तिघी बाहेर धावल्या. आनंदाबाईंचं कोपर फुटलं होतं, टमाटे रस्ताभर पसरले होते आणि गुलाब त्यांच्यावरच खेकसत होता, "काऊन टोपलं मधात सरकवलं वं बुढे?"

"तूच मोबाइल पाहून राह्यला होता," छाया म्हणाली.

"तुले कुठून दिसलं? तुह्या खिडक्या तं बंद हायेत!"

छायानं भोकाचं सांगितलं, तशी जमलेली माणसं फिदीफिदी हसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्यात गुलाबचे वडील, काजलचे आजोबा लक्ष्मणराव आले. गल्लीत त्यांचा शब्द चाले.

"या काकाजी, स्वतःच पाहा," म्हणत छायानं त्यांना खोलीत नेलं. डोळे सरावले तसा भिंतीवर त्यांचाच मुलगा दिसला, बोट नाचवत म्हातारीचं उरलेलं टोपलं लाथेनं उडवताना.

लक्ष्मणराव बाहेर आले, खाकरले. "जाऊ दे छाया. लेकरू हाये, चुकते."

छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लेकरू? दोन पोरांचा बाप हाये तो! अन् इथं म्हातारीचं रक्त निंगून राह्यलं!"

"आबा," काजल म्हणाली, "काका फोन पाहत होता. मी पाह्यलं. अन् आता लाथ मारली ते तुम्हालेबी दिसलं ना?"

लक्ष्मणरावांना नातीकडे बघवेना.

"गुलाब," ते शेवटी म्हणाले, "उचल ते टमाटे."

गुलाब धुसफुसत वाकला. छायानं आनंदाबाईंचं कोपर धुतलं, त्यांना स्कूटीवर बसवलं आणि दवाखान्याकडे निघाली. राग काही उतरत नव्हता.

"माफी तं मागितलीच नाई मेल्यानं!"

"बाई," मागून आनंदाबाई म्हणाल्या, "तू गाडी हळू चालव."