झरोका बुजवा म्हणणारा धागा

मी एक जुना धागा आहे, मित्रांनो. सुईत ओवायचा नव्हे. संकेतस्थळावर कुणीतरी प्रश्न विचारतो, त्याखाली माणसं उत्तरं लिहीत जातात, भांडतात, हसतात, त्या सगळ्या चर्चेला मिळून धागा म्हणतात. माझं संकेतस्थळ घरदुरुस्तीचं. शेजारी गळक्या नळांचे, फुगलेल्या दारांचे, उंदरांचे धागे राहतात. बहुतेक सगळे कुरकुरे. मी मात्र नावाजलेला.

माझा जन्म एका नव्या भाडेकरूमुळे झाला. त्याच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर होता आणि झरोक्यातून वारा आला की त्याची ज्योत विझायची. अंगाला साबण लागलेला आणि वरून गार पाणी! बिचारा मेटाकुटीला आला होता. "कुणी उपाय सांगेल का?" एवढंच त्याने लिहिलं.

उत्तर दिलं पानाकाकांनी. त्यांचं टोपणनाव 'जुना पाना', पण सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांचा शब्द म्हणजे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी लिहिलं, "अहो, सोपं आहे. फळी ठोकून झरोका बुजवून टाका. फटींत पुट्टी भरा. वारा बंद, कटकट बंद."

मग काय विचारता! "काका, तुम्ही ग्रेट आहात." "आता रोज कढत आंघोळ!" माझ्यावर कौतुकाचा नुसता पाऊस पडला. माझ्या माथ्यावर 'उपयुक्त' असा तारा लागला आणि मी कॉलर ताठ करून पहिल्या पानावर मिरवू लागलो.

आभार मानणाऱ्यांत एक बेकरीवाला होता. फोटोत गालाला मैदा लागलेला आणि तोंडभर हसू. त्याने लिहिलं, "झरोका बुजवला. गिझर आता विझत नाही. डोकं सकाळपासून जड आहे, भट्टीपाशी उभं राहून असेल. पण पाणी एकदम फर्स्टक्लास. चला, घेतो आंघोळ उरकून."

त्यानंतर तो आला नाही. काम झालं की माणसं जातातच, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आमचे व्यवस्थापक एका छापखान्यात प्रुफं तपासतात. त्यांना सगळं जागच्या जागी लागतं. वर्षं गेली तरी कुणी ना कुणी माझ्याखाली "धन्यवाद" लिहायचा आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा वर यायचो. नवे सभासद वैतागले. "जुनी मढी किती दिवस उकरणार?" असं एकाने विचारलं, आणि व्यवस्थापकांनी मला कुलूप लावलं. वाचता येईल, लिहिता येणार नाही. आमच्याकडे आणखी एक रीत आहे. एका विषयावर दुसरा धागा चालत नाही. कुणी काढलाच, तर तो बंद करून त्याला जुन्याचा पत्ता देतात. म्हणजे ज्याचा ज्याचा गिझर विझे, तो तो माझ्याकडेच धाडला जाई.

कुलपाआडचं जगणं विचित्र असतं, मित्रांनो. माणसं मुकाट येत, मुकाट वाचत, मुकाट निघून जात. पुढे त्यांचं काय झालं, ते मला कधी कळत नसे. आत कोंडून घातल्यासारखा मी नुसती पावलं ऐकत होतो. हळूहळू मला त्या पावलांची भीती वाटू लागली.

आणि एका सकाळी बेकरीवाला परत आला.

कुणी हजर असलं की नावापुढे पेटतो, तो त्याचा हिरवा ठिपका पेटला. तोच मैदा लागलेला गाल, तेच हसू. मला केवढा आनंद झाला! पण तो हलेना. पानाकाकांच्या उत्तरावर थांबला, स्वतःच्या प्रतिसादावर आला, पुन्हा वर गेला. लिहायला जागा शोधत होता आणि जागा नव्हती. त्याने 'गॅस गिझर आणि झरोका' असा नवा धागा काढला. व्यवस्थापकांनी तो तत्काळ बंद केला. "या विषयावर धागा आहे. आधी शोधावे, मग लिहावे." खाली माझा पत्ता.

प्रत्येक प्रतिसादाखाली तक्रारीचा एक बारीक झेंडा असतो. कुलूप असलं तरी तो चालतो, आणि तक्रार थेट व्यवस्थापकांकडे जाते. बेकरीवाल्याने स्वतःच्याच प्रतिसादाखालचा झेंडा दाबला आणि कारण लिहिलं. मी ते वाचलं आणि गारठलो.

"मी त्याची धाकटी बहीण. दादा हे लिहून आंघोळीला गेला, तो जिवंत बाहेर आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या जागेत गिझरचा विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग. त्याचा फोन उघडायचा धीर मला आत्ता झाला, तेव्हा हे सापडलं. अजून किती जण हे वाचताहेत? मला फक्त एक ओळ लिहू द्या हो."

तेव्हा माझ्यापाशी कुणी एक पाहुणी वाचत बसली होती. तिला ओरडून सांगावं असं मला वाटत होतं, पण मला तोंड कुठलं? माझ्याजवळ जी वाक्यं होती तीच मी तिला दाखवत राहिलो. वारा बंद, कटकट बंद.

मग कुलूप निघालं. व्यवस्थापकांनी लिहिलं, "ताई, मी शीर्षक पाहून तुमचा धागा बंद केला. आत वाचलंच नाही. लिहा तुम्ही." काकांच्या उत्तरावर त्यांनी लाल अक्षरांत 'हे करू नका, जिवाला धोका' असं टाकलं. खाली बेकरीवाल्याच्या नावाने ओळ उमटली, "झरोका बुजवला असेल तर आत्ता उघडा."

ती पाहुणी त्याच घटकेला सभासद झाली. "मी शाळेत शिकवते. काल झरोका बुजवला. आई आत आंघोळीला गेलीय. हाका मारतेय, ओ देत नाहीये."

"दार तोडा," बेकरीवाला म्हणाला. "आधी आईंना मोकळ्या हवेत ओढा. तुम्ही आत थांबू नका. आणि डॉक्टरांना बोलवा."

व्यवस्थापक थांबले होते, बहीण थांबली होती. तो हसरा फोटो माझ्या तळाशी तसाच होता. मला तर एकेक क्षण जड जात होता.

शेवटी बाईंचं उत्तर आलं. "आई शुद्धीवर आली. दवाखान्यात आहोत. बेकरीवाले दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

बहिणीने बाईंचा गैरसमज दुरुस्त केला नाही. तिने लिहिलं, "दादाला सांगते."

मित्रांनो, जुन्या धाग्यांना कुलपं लावूच नका, असा माझा हट्ट नाही. भांडणांचे, टवाळीचे धागे बंद झालेलेच बरे. पण कुलूप घालण्याआधी धागा शेवटपर्यंत वाचा, आणि चूक सांगायला येणाऱ्याला एक दार उघडं ठेवा. माझ्याखाली आभार मानून गेलेल्या बाकीच्या सगळ्यांना व्यवस्थापकांनी निरोप धाडलेत. काहींची उत्तरं आली. काहींचे ठिपके अजून पेटलेले नाहीत. त्यांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर फोनवर विसंबू नका, जाऊन दार वाजवा.