रणधीरचा माइक

आठ नंबरच्या खाटेकडून ऋषीचं हसणं ऐकू आलं आणि मागच्या खोलीत चहा घेत बसलेल्या दामिनीला कळलं, आपला मेसेज पोचला.

तीही हसली. कप बाजूला ठेवून तिनं मोबाइल उघडला. हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. 'भाऊ, तोडलंत!' 'विषयच संपवला गा तुमी.' 'रणधीरभाऊ ते रणधीरभाऊ.'

रणधीरभाऊ म्हणजे दामिनीच. वय एकोणचाळीस, नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका लहानशा खासगी इस्पितळात स्टाफ नर्स. काही वर्षांपूर्वी मोबाइलवर 'सप्तदुर्ग' हा खेळ खेळायला लागली आणि त्यात पार बुडाली. सात किल्ले, सात कुळं, त्यांची वैरं, शाप, वेढे. खेळाच्या जगाचा हा सगळा मागचा इतिहास, या मंडळींच्या भाषेत 'लोर', तिला तोंडपाठ. नागपूरच्या खेळाडूंच्या ग्रुपवर ती आधी स्वतःच्या नावानं गेली होती. तिथे किल्ल्यांविषयी तिला कोणी काही विचारलं नाही. लग्न झालंय का, ड्यूटी कधी सुटते, हे मात्र पुष्कळांनी विचारलं. ती बाहेर पडली, नवा नंबर घेतला आणि रणधीर म्हणून परत आली. तेव्हापासून तिचं म्हणणं सगळे ऐकू लागले. सगळ्यांनी मिळून कॉलवर बोलायचं ठरलं की ती लिहायची, 'माइक खराब आहे.' इतकी वर्षं कोणाचा माइक खराब राहतो, असा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. वाद पेटला की कोणीतरी म्हणायचंच, 'थांबा, रणधीरभाऊले येऊ द्या.' हे वाक्य वाचायला तिला फार आवडायचं. वॉर्डातही लोक तिची वाट बघत, पण ती सलाइन संपली म्हणून.

ऋषी त्याच ग्रुपवरचा. तिथे त्याचं नाव 'अग्निबाण'. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्यानं खिडकीजवळच्या खाटेचा फोटो टाकला, तेव्हा दामिनीनं पडदे ओळखले. त्याला अर्थातच काही माहीत नव्हतं. तो वॉर्डात तिला 'ओ सिस्टर' म्हणून हाक मारायचा आणि लगेच स्टुलावर बसून रणधीरला विचारायचा, 'भाऊ, तुमचं काय मत?' या गमतीत तिचे दोन दिवस झकास गेले होते.

मत विचारायचं कारण तसंच होतं. आजवर या खेळात घोडेस्वार, तिरंदाज किंवा मांत्रिक होऊन खेळता यायचं. आता कंपनीनं नवा क्लास जाहीर केला होता, परिचारिणी. किल्ल्यातल्या जखमींची शुश्रूषा करणारी बाई. सातव्या दुर्गाचे सगळे लढवय्ये पडल्यावरही तो किल्ला कितीतरी दिवस टिकला, तो कोणी टिकवला, हे खेळातलं जुनं कोडं. कंपनी म्हणाली, परिचारिणींनी. झालं, ग्रुपवर आग लागली. 'लोरची वाट लावली.' 'नर्स का लढते का?' गुंजन नावाच्या एका पोरानं भीत भीत लिहिलं की, वेढ्यात शेवटी जखमी आणि त्यांना बघणारेच उरणार ना. त्याला सगळ्यांनी सोलून काढलं. मग आलंच ते वाक्य. 'थांबा, रणधीरभाऊले येऊ द्या.'

दामिनीजवळ पुरावा होता. तिसऱ्या दुर्गावरच्या शिलालेखात सातव्याच्या वेढ्याविषयी एक ओळ होती, 'जखमींच्या दालनातला दिवा सर्वांत शेवटी विझला.' खेळताना ती ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. तिनं ती ओळ टाइप केली. मग वाटलं, रणधीरला नर्सेसचा एवढा पुळका का, असं कोणी विचारलं तर? तिनं ती पुसली आणि लिहिलं, 'परिचारिणीचं शस्त्र : भांडं. ब्रह्मास्त्र : भरलेलं भांडं.'

संध्याकाळपर्यंत कोणीतरी स्टिकरही बनवलं. डोक्यावर मुकुट, हातात बेडपॅन. खाली नाव, भांडेश्वरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात भांडं देणाऱ्या मावशी आल्याच नाहीत. तेव्हा नूपुर उठली. नूपुर नुकतीच नोकरीला लागलेली, कामाला तत्पर. मनोहररावांना, म्हणजे ऋषीच्या वडिलांना, तिनं भांडं दिलं, सगळं नीट उरकलं आणि वरून फडकं घालून ती पडद्याबाहेर आली.

"सरका रे सरका!" ऋषी ओरडला. "भांडेश्वरी आली! ब्रह्मास्त्र घेऊन राहिली!"

आजूबाजूच्या खाटांवरचे दोघं-तिघं हसले. त्यांना काय कळलं देव जाणे, पण भरलेलं भांडं घेतलेली पोरगी दिसत होती, तेवढं हसायला पुरतं. नूपुर खाली मान घालून चालत राहिली. दामिनी औषधांच्या ट्रॉलीशी उभी होती. गोळ्यांची पट्टी तिच्या हातात तशीच राहिली.

"ताई, मी काय केलं वं त्याले?" आत आल्यावर नूपुरनं विचारलं. "त्याच्याच बापाचं तर उचलून राहिली होती."

"लक्ष नको देऊ. येडा आहे तो," दामिनी म्हणाली. बोलताना तिनं हात धुवायला घेतले, कारण नूपुरकडे बघायचं नव्हतं.

दुपारी ती आठ नंबरला बीपी बघायला गेली. पाण्याची बाटली सकाळी भरून ठेवली तशीच होती. चहावर साय धरली होती. मनोहररावांची जीभ कोरडी पडलेली.

"काका, पाणी काहून नाही घेतलं?"

"तहान नाही."

"असं कसं? ओठ पाहा तुमचे."

म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग हळूच म्हणाला, "पानी पेलं का मंग लागते. लागली का त्या पोरीले बोलवा लागते. अन् पोरगं हासते. जिंदगीभर इतवारीच्या बाजारात भांडे विकले वं बाई मी. पन हे मागाले जीभच नाही उठत."

दामिनीच्या डोक्यात सणक गेली. ऋषी जिन्याजवळ मोबाइल घेऊन उभा होता. तिनं त्याला तिथेच गाठलं.

"तुमच्या बाबांनी सकाळपासून पाणी घेतलं नाही. तुम्ही त्यांच्यावर हसता म्हणून. लाज वाटत नाही तुम्हाला?"

ऋषीचं तोंड उतरलं. पोरगा तसा वाईट नव्हता. रात्ररात्र बापाचे पाय चेपायचा. "बाबावर नाही हासलो मॅडम, आईशप्पथ. तुमच्या सिस्टरवरही नाही. ते गेममधलं आहे. अन् मी नाही बनवलं ते. आमच्या ग्रुपवर रणधीरभाऊ आहेत, बहुत अभ्यासू माणूस. त्यांनी लिहिलं. हे पाहा ना."

त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या मोबाइलवर तिनं आपलं वाक्य वाचलं. शस्त्र, भांडं. ब्रह्मास्त्र, भरलेलं भांडं. त्याखाली दीडशे लोक हसत होते.

"ते म्हणाले म्हणजे विचार करूनच म्हणाले असतील," ऋषी म्हणाला.

दामिनी मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. तिला तिचे वडील आठवले. चंपतराव गावात कोणी विचारलं की सांगायचे, पोरगी दवाखान्यात ऑफिसचं काम पाहते. नर्स हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. एका दिवाळीला हे तिच्या कानावर पडलं आणि ती फराळाला हात न लावता नागपूरला परत आली होती. केवढी भांडली होती त्यांच्याशी! पण बाबांनी तिचं काम नुसतं लपवलं होतं, त्याची टिंगल केली नव्हती. तिनं दोन्ही केलं होतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की, ज्या हातांना आयुष्यात कशाची किळस आली नाही, ते मांडीखाली दाबून ती बसली.

मग उठून ती आठ नंबरला गेली. पेल्यात पाणी ओतलं, तो मनोहररावांच्या उशाशी ठेवला.

"काका, ते भांड्याचं ऋषीनं नाही काढलं. मी लिहिलं होतं ते. मोबाइलवर. तुमच्यावर नव्हतं."

म्हाताऱ्यानं मान वळवली. "तुमी?"

"हो."

"मंग कोनावर होतं?"

"नर्सवर."

मनोहरराव रागावलेले दिसले नाहीत, नुसतं कळत नसल्यासारखे बघत होते. "आपल्याच कामाले हासल्या? काहून वं?"

चार पोरांनी भाऊ म्हणावं म्हणून. हे उत्तर तिच्याजवळ तयार होतं, पण खाटेवर पडलेल्या माणसाला ते सांगण्यासारखं नव्हतं. "चुकलं काका," एवढंच ती म्हणाली. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

खोलीत येऊन तिनं ग्रुप उघडला आणि बोलायचं बटण दाबून धरलं.

"मी रणधीर. माझं नाव दामिनी चंपतराव राऊत. मी नर्स आहे. कालचा जोक माझा होता. भांडं मी स्वतः कितीदा उचलते, अन् त्यात हासण्यासारखं काही नसते, हे मले ठाऊक आहे. लोरचं म्हणाल तर तिसऱ्या दुर्गाचा शिलालेख वाचा. जखमींच्या दालनातला दिवा सर्वांत शेवटी विझला. गुंजन बरोबर होता. मले ते कालही माहीत होतं."

तिनं बोट उचललं. मेसेज गेला. थोड्याच वेळात वॉर्डातून तिचाच आवाज ऐकू आला, बारीक आणि अनोळखी. तो संपला. हसण्याचा आवाज आला नाही.

ग्रुपवर मात्र उत्तरं यायला लागली. 'भाऊ, फोन कोनाले देला?' 'वहिनी बोलून राहिल्या का?' 'ओ मॅडम, रणधीरभाऊले द्या फोन.' 'अ‍ॅडमिन, भाऊचा नंबर हॅक झाला, काढा लवकर.' ती उत्तर लिहीत होती, तेवढ्यात लिहायची जागाच नाहीशी झाली. रणधीरला ग्रुपमधून काढलं होतं.

ती बंद झालेल्या ग्रुपकडे बघत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली होती आणि ते रणधीरची वाट बघत होते.

आठ नंबरची घंटा वाजली.

"मी जाते ताई," नूपुर म्हणाली.

"राहू दे." तिनं भांडं घेतलं, फडकं घेतलं. "नूपुर, सकाळचं ते... तुले सांगायचं आहे मले. हे करून येते."

ऋषी स्टुलावरून उठून उभा होता, मोबाइल हातातच. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, पण तिला काय म्हणून हाक मारावी हे त्याला सुचलं नसावं. भाऊ, मॅडम, सिस्टर, यातलं काहीच त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानं पडदा बाजूला धरला आणि खाली बघत उभा राहिला.

उशाशी पेला रिकामा होता.

"आल्या का वं बाई," मनोहरराव म्हणाले. या वेळी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. दामिनीलाच त्यांच्याकडे बघवेना.