दोन जिल्ह्यांचं ऊन

कोगनोळीच्या नाक्यावरून हमरस्ता सोडून आत वळलं की मारुतीराव मगदुमांची मिरचीची वखार लागते. जागा घेताना मारुतीरावांनी हुशारी केली होती. दोन राज्यांची शीव त्यांच्या अंगणातूनच जाते. पत्र्याचं मोठं शेड कर्नाटकात, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात. पंधरा पावलं पलीकडची ऑफिसची खोली महाराष्ट्रात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. लाईटची दोन कनेक्शनं. एकीकडची गेली की दुसरीकडची ओढायची, त्यामुळे ऑफिसातला कुलर उन्हाळाभर थांबत नसे. शेडात एक पंखा होता, पण मिरचीची भुकटी उडते म्हणून तो लावत नसत.

त्या शेडात अठरा बायका मिरचीचे देठ खुडायला बसायच्या. राजाबाई त्यांची म्होरकी. पन्नाशीची, अंगानं काटक. बोलायची हळू, पण बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. तिच्या शेजारी तेजस्वी बसायची. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, बेळगावातल्या वडगावच्या विणकरांची लेक. तिला कन्नडही वाचता येई आणि मराठीही, म्हणून दोन्ही जिल्ह्यांचा हवामानाचा अंदाज तिच्या फोनवर यायचा आणि सकाळी काम सुरू होताना ती तो मोठ्यानं वाचून दाखवायची.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन पेटलं. सोमवारी तेजस्वीनं वाचलं, "बेळगाव जिल्ह्यात उष्णतेची लाट. दुपारी बारा ते तीन उन्हात आणि पत्र्याखाली काम टाळा, असं लिवलंय."

राजाबाई उठली आणि ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मालक, उन्हाचा इशारा आलाय, बारा ते तीन सुट्टी द्या. सकाळी लवकर येतो, संध्याकाळी उशिरा जातो. काम तेवढंच हुईल."

मारुतीरावांनी कुलरसमोरून मान वळवली. "कुठल्या जिल्ह्याचा इशारा हाय?"

"बेळगाव."

"मग आपल्याला लागू न्हाय. तुमचं हजेरीचं रजिस्टर कुठं हाय? ह्या टेबलावर. टेबल कुठं हाय? कोल्हापूर जिल्ह्यात."

राजाबाई परत आली. बायकांनी डोक्यावर ओला टॉवेल घेतला आणि देठ खुडत राहिल्या.

बुधवारी उलटं झालं. बेळगावचा इशारा उतरला आणि कोल्हापूरला चढला. तेजस्वीला वाटलं आता मालक सापडले. ती स्वतःच फोन घेऊन ऑफिसात गेली.

"व्हय गं, वाचलंय मी," मारुतीराव म्हणाले. "पण तुम्ही बसताय कुठं? शेडात. शेड कुठं हाय? बेळगाव जिल्ह्यात. तिथं आज लाट न्हाय."

हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला.

त्याच दुपारी सोनाबाई पडली. सोनाबाई सगळ्यांत म्हातारी. मिरचीच्या ढिगाला टेकून बसली होती. बराच वेळ तिचा हात हलेना, तेव्हा बायकांना वाटलं डुलकी लागली असेल. राजाबाईनं हाक मारली, मग खांदा हलवला, तर मान कलली. चौघींनी उचलून तिला बाहेर लिंबाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पाव तासानं म्हातारीनं डोळे उघडले.

"पडलीस की गं," राजाबाई म्हणाली.

"न्हाय पडलो. मिरच्या लई मऊ हुत्या, आडवी झालो," सोनाबाई म्हणाली आणि उठायला लागली.

बायका हसल्या. राजाबाई हसली नाही. सोनाबाईचा तळवा तिनं हातात धरला होता आणि तो अजून थंड लागत होता, त्या एवढ्या उन्हात. तिला भीती वाटली, आणि भीती गेल्यावर राग आला. पण रागानं ऑफिसात जाऊन ओरडलं तर मालक पुन्हा जिल्हे मोजणार, हे तिला ठाऊक होतं. घरी जाताना गावाजवळ आल्यावर तिनं तेजस्वीला विचारलं, "उद्याचा अंदाज काय म्हणतोय?"

"बेळगावला परत लाट. या वेळी जास्त, एक्केचाळीसच्या वर. कोल्हापूरला काय न्हाय."

"झ्याक," राजाबाई म्हणाली. "उद्या सगळ्याजणी टोपल्या भरून ठेवा."

गुरुवारी मारुतीरावांकडे पाहुणा होता. हुबळीकडचे मोठे व्यापारी यल्लाप्पा माल बघायला आले होते. ऑफिसात दोघे कुलरसमोर बसले होते, कोकम सरबत मागवलं होतं, बोलणी रंगात आली होती. बरोबर बारा वाजता दार उघडलं आणि राजाबाई डोक्यावर मिरचीची टोपली घेऊन आत आली. मागून तेजस्वी. मागून सोनाबाई, रिकाम्या हातानं, कारण तिला कुणी उचलू दिलं नव्हतं. मग बाकीच्या पंधराजणी.

"हे काय हाय?" मारुतीराव उभे राहिले.

"बेळगावला लाट हाय मालक, तिकडं काम करायचं न्हाय, असं सरकार सांगतंय," राजाबाई म्हणाली. "म्हणून आमी कोल्हापूर जिल्ह्यात आलोय. आमची हजेरी हितलीच हाय, तुमीच सांगितलं हुतं."

तेवढ्यात बायका बसल्याही. टेबलाखाली चौघी, कपाटाला टेकून सहाजणी, दोघी यल्लाप्पांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना. सोनाबाईला त्यांनी मुद्दाम कुलरच्या पुढ्यात बसवलं. टोपल्या ओतल्या आणि अठराही जणी देठ खुडायला लागल्या.

शेडाला चारी बाजूंनी झरोके होते, तिथं मिरचीचा उग्रपणा निघून जायचा. ऑफिसला एक दार आणि एक बंद खिडकी. शिवाय कुलर. कुलरनं वारा घेतला तो मिरचीच्या ढिगावरून, आणि खोलीभर फिरवला.

पहिली शिंक यल्लाप्पांना आली. मग मारुतीरावांना. मग दोघांनाही एकदम. बायकांची नाकं मिरचीत मुरलेली, त्यांना काहीच झालं नाही. मारुतीरावांनी बोलायला तोंड उघडलं की ठसका यायचा. ते हातानंच "बाहेर, बाहेर" असं सांगायला लागले.

"बाहेर कुठं मालक?" राजाबाईनं शांतपणे विचारलं. "शेडात? तिथं तर लाट हाय."

"साकु, साकु!" म्हणजे बास झालं, असं ओरडत यल्लाप्पा डोळे चोळत दाराकडे पळाले. जाताना सोनाबाईपुढच्या एका टोपलीत पाय अडकला, पण पडले नाहीत. मारुतीराव त्यांच्या मागून.

लिंबाखाली उभं राहून दोघांनी बराच वेळ नाकं शिंकरली. यल्लाप्पांचा श्वास जागेवर आला आणि ते हसायला लागले. पोट धरून हसले. त्यांना मराठी पुरतं येत नव्हतं, पण तेजस्वीनं त्यांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं, सोमवारपासूनचं, सोनाबाईसकट. सोनाबाईचं ऐकताना मात्र त्यांचं हसू थांबलं. ते मारुतीरावांना काहीतरी हळू आवाजात बोलले. मारुतीरावांची मान खाली गेली.

"काय म्हणाले?" राजाबाईनं तेजस्वीला विचारलं.

"म्हणाले, माझी आईपण मिरचीच खुडायची."

मारुतीरावांनी रुमालानं डोळे पुसले. ते मिरचीनंच लाल झाले होते, असं ते नंतर सगळ्यांना सांगत. "बरं. सकाळी साडेसहाला या. बारा ते तीन सुट्टी. मग सातपर्यंत."

"आणि मजुरी?"

"कापत न्हाय."

"आणि ह्यो इशारा कुठल्या जिल्ह्याचा धरायचा?"

मारुतीरावांना आणखी एक शिंक आली. "दोन्ही," ते म्हणाले. "जिथला असंल तिथला. आता माझ्या ऑफिसातनं ती मिरची काढा."

ऑफिस झाडायला दोन दिवस लागले. तरी पुढचा आठवडाभर मारुतीराव फाईल उघडली की शिंकायचे.

पंधरा दिवसांनी निपाणीच्या बाजारात राजाबाई आणि तेजस्वी भाजी घेत होत्या. पलीकडे मारुतीराव चार व्यापाऱ्यांत उभे राहून सांगत होते, "मी आमच्याकडं दुपारची सुट्टीच ठेवलीय. सकाळच्या गारव्यात खुडली की मिरचीचा रंग टिकतो. डोकं लावावं लागतं राव." व्यापारी माना डोलवत होते. एकानं तर उद्यापासून आपल्याही वखारीत तसंच करतो म्हणून सांगितलं. त्याच्या वखारीत चाळीस बायका खुडायला होत्या.

तेजस्वी खरं काय ते सांगायला पुढे निघाली. राजाबाईनं तिच्या दंडाला चिमटा काढला.

मारुतीरावांचं लक्ष गेलं. ते जरा चपापले. "काय राजाबाई, खरं हाय का न्हाय?"

"व्हय तर," राजाबाई चाळीस बायकांच्या मालकाकडे बघत म्हणाली. "लई रंग टिकतो बघा."