एकवीस सेकंद सरळ

कीबोर्डावरची बाकी अक्षरं कोरी करकरीत होती, फक्त पी पुसला गेला होता. त्याचं पोट गेलं होतं आणि उभ्या दांडीचा वरचा अर्धा भाग तेवढा उरला होता. सुनंदाला हे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दिसलं. कीबोर्ड घेऊन वर्षही झालं नव्हतं. तिचं स्वतःचं काम महिन्याला एखादी प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरतं होतं, आणि प्रश्नपत्रिकेत पी फार येतो असं काही नाही.

त्या संगणकावर दिवसभर तिचा धाकटा भाऊ लीलाधर बसत असे. तो हवाई दलात वैमानिक होता. फेब्रुवारीत सरावाच्या वेळी हवेतच त्याला गरगरलं, वर-खाली कळेना, आणि मागच्या सीटवरच्या शिक्षकाने विमान हातात घेऊन खाली उतरवलं. डॉक्टरांनी कानातला तोल बिघडल्याचं निदान केलं, उड्डाण बंद केलं आणि पुढे आजारी रजा दिली. आता सतरा ऑगस्टला बंगळूरला शेवटची तपासणी होती. तिथे पास झाला तर पुन्हा विमान, नाही तर कायमचं जमिनीवर.

फैजपूरला आईच्या माघारी वडील, नाना, एकटे, शेतातून घरी यायचे ते रात्रीच, म्हणून लीलाधर जळगावला बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला आला होता. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती गेली की तो संगणकावर लढाऊ विमानाचा खेळ लावायचा. एकट्याचा खेळ. शत्रूची विमानं संगणकच उडवायचा आणि लीलाधर ती एकामागून एक पाडायचा. नाना महिन्यातून एकदा आले की खुर्ची ओढून मागे बसत. "आमच्याकडे असंच शिकवतात," असं लीलाधर त्यांना एकदा म्हणाला होता. नानांनी ते असं धरलं की हे यंत्रही सरकारी परीक्षेचाच भाग आहे आणि पोरगं तिच्यात दर वेळी पहिलं येतंय. फैजपूरला केळीच्या गाड्या भरणाऱ्या माणसांनाही ते सांगत, "त्याची तब्येत झाली बरी. मी डोळ्यानं पाह्यलं. दहाच्या दहा पाडले."

गोळ्या हातातल्या जॉयस्टिकच्या दांड्यावरून सुटत. मग पी कशाला लागत होता? पी दाबला की खेळ होता तिथे थांबे. विमान हवेत थिजून राही, इंजिनाचा आवाज बंद होई, आणि पुन्हा दाबला की सगळं जिथल्या तिथून पुढे सुरू.

सुनंदाने प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच घरी आणलं. जर्नलं तपासायच्या निमित्ताने ती त्याच्या मागच्या टेबलाशी बसायची. आवाज बंद झाला की बटण दाबायची, सुरू झाला की पुन्हा दाबायची. चौदा सेकंद. नऊ. तेहेतीस. एकवीस. तेवढा वेळ लीलाधरचा डावा हात टेबलाची कड घट्ट धरून असायचा आणि डोळे मिटलेले असायचे. दोन आठवड्यांत असं अकरा वेळा झालं. ज्या वेळी ती घरी नव्हती ते वेगळं.

बाराव्या वेळी तिने विचारलं, "मध्येच थांबवतोस ते कशाला?"

"नकाशा बघतो."

"डोळे मिटून?"

 तो खुर्ची फिरवून म्हणाला, "अक्का, तिथे ते खुर्चीत बसवून गरगर फिरवतात. कानात गार पाणी सोडतात. ते सगळं मी निभावतो. हे केव्हातरी येतं, ते नेमकं त्यांच्यासमोर कशाला येईल? बाकी ते एकच विचारतात, गेल्या सहा महिन्यांत परत झालं का."

"आणि तू काय सांगणार?"

"तू गप्प राहिलीस तर नाही झालं."

"आणि वर गेल्यावर आलं म्हणजे?"

"मग मी काय करू? फैजपूरला घड मोजत बसू? लोक बोट दाखवतील, हा बघा, विमानातून उतरवलेला." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "मला दुसरं काही येत नाही, अक्का. मी दुसरं काही शिकलोच नाही."

त्या रात्री तिने आकडेमोड केली. ताशी नऊशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला अडीचशे मीटर. एकवीस सेकंदांत सव्वापाच किलोमीटर, आणि तेवढं अंतर विमानाला कोणीही चालवत नाही. कोणाला तरी सांगायला हवं हे तिने तेव्हाच ठरवलं. पण ठरवलेलं तोंडातून बाहेर पडेना. प्रॅक्टिकल झाल्यावर बघू, नाना आले की बघू, असं करता करता ऑगस्ट उजाडला. गुरुवारच्या, भुसावळहून सुटणाऱ्या गाडीची जागा राखून झाली होती.

त्याआधीच्या रविवारी नाना सकाळीच आले, पोराला आशीर्वाद द्यायला. आणि अकराच्या सुमाराला दारात रुपचंद उभा राहिला. बारावीला लीलाधरबरोबर एका खोलीत राहिलेला, आता धुळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारा. एका हातात चादरीत बांधलेला सीपीयू, दुसऱ्या हातात बारदानात मॉनिटर, खांद्यावर वायरींची पिशवी.

"मॉनिटरचं अर्धं तिकीट काढायला लावलं कंडक्टरने!" तो घाम पुसत म्हणाला. "म्हणे, बसलंय ना सीटवर? एरंडोलला एक म्हातारी चढली, तिला वाटलं टीव्ही आहे. म्हणाली, लाव ना भाऊ, काही चांगलं असेल तर. राम राम नाना. अक्का, चहा टाका, लढाई आहे."

"कसली लढाई?" लीलाधर म्हणाला.

"आतापर्यंत मशीनला हरवलंस. मशीन काय रे भो, ते दर वेळी डावीकडेच वळतं. आज माणसाशी खेळ." त्याने पिशवीतून लांब करडी केबल काढली. "दोन्ही कॉम्प्युटर जोडायचे. मी स्वतः डाख दिलाय. तुझ्या पडद्यावर मी, माझ्या पडद्यावर तू."

"माझं मशीन जुनं आहे. नाही चालायचं."

"माझ्याहून नवं आहे ते."

"गुरुवारी निघायचंय. तयारी आहे."

"चार शर्ट भरायला चार दिवस?"

नाना पानाला चुना लावत होते. "खेळ ना रे," ते म्हणाले. "घाबरू राह्यला काय?"

त्यापुढे लीलाधरला नाही म्हणता येईना.

रुपचंदचा संगणक स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मांडला, केबल उंबऱ्यावरून बाहेरच्या खोलीत आणली. सुनंदा मधल्या दारात उभी राहिली. तिला तिथून दोन्ही पडदे दिसत होते, आणि दोन्ही पडदे दिसणारी ती एकटीच होती.

"एक सांगतो," रुपचंद आतून ओरडला, "ह्यात थांबवणं नाही बरं का! एकट्याचा खेळ आपलं ऐकतो. दोघं जोडले की ते बटण बंद."

सुनंदाने भावाकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता.

पहिला डाव दोन मिनिटांत संपला. रुपचंदला लीलाधर कुठून आला हेच कळलं नाही. तो वरून सूर्याच्या बाजूने उतरला, एक बारीक वळण घेतलं आणि रुपचंदच्या पडद्यावर धूर झाला. काटकसरीने केलेलं, नेमकं, सुंदर काम होतं ते. नानांनी मांडीवर थाप मारली. सुनंदाच्या मनात आलं, हा खरंच चांगला आहे. हे तिला तोवर माहीत नव्हतं, आणि आज कळून तिचं मन जास्तच जड झालं.

दुसऱ्या डावात दोघं एकमेकांभोवती घिरट्या घालत होते. आकाश आणि जमीन पडद्यावर गोल गोल फिरत होती. एकाएकी लीलाधरचा डावा हात कीबोर्डावर गेला. त्याने पी दाबला. पुन्हा दाबला. इंजिनाचा आवाज चालूच राहिला. त्याने टेबलाची कड धरली आणि डोळे मिटले.

स्वयंपाकघरातल्या पडद्यावर त्याचं विमान सरळ झालं आणि सरळच जात राहिलं.

"आते कोठे पळशी रे भो?" रुपचंद खिदळला. मग त्याला नवल वाटलं. "अरे, झोपला का? हा तर एरंडोलच्या रस्त्याने बस चालल्यासारखा चाललाय!" तो सावकाश मागे गेला, नीट नेम धरला. "बठ्ठं आकाश मन्हं शे!" सगळं आकाश आपलंच असल्यासारखा तो ओरडला.

"वळव! वळव ना!" नाना ओरडत होते. ते पडद्याकडे बघत होते, मुलाकडे नाही. पडदा लाल झाला.

सुनंदाने मनातल्या मनात मोजलं होतं. एकवीस.

तिसऱ्या डावातही तेच झालं, फक्त लवकर. लीलाधरने डोळे उघडले तेव्हा त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता.

"मुद्दाम हारू राह्यला काय दोस्तासाठी?" नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात चिडीपेक्षा भीती जास्त होती. "काय झालं रे तुले?"

"केबल," लीलाधर म्हणाला. "केबल खराब आहे, नाना. दांडा हलवतो ते तिकडे पोहोचत नाही."

रुपचंद केबलीचं टोक हातात घेऊन बाहेर आला. "माझी केबल? धुळ्यात अशा चाळीस जोडल्यात मी. एक परत आली नाही." तो सुनंदाकडे वळला. "अक्का, तुमच्याकडे मल्टिमीटर असेल ना? तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल ते खरं."

मल्टिमीटर तिच्या कॉलेजच्या पिशवीत होता. तिने जमिनीवर बसून केबलीची दोन्ही टोकं समोर घेतली, आणि एकेक पिन तपासली. पहिली तार, शून्य पूर्णांक चार ओहम. दुसरी, तेवढीच. तिसरी, तेवढीच. हलवून पाहिली, ताणून पाहिली, आकडा ढळला नाही. रुपचंदने सुबक काम केलं होतं. तिघे तिच्याकडे बघत होते. तिने मान वर केली तेव्हा लीलाधरचे डोळे तिच्यावर होते. त्यांत विनंतीही उरली नव्हती. नुसतं वाट पाहणं होतं.

"एक तार सैल आहे," सुनंदा म्हणाली.

हवं ते उत्तर आणण्यासाठी आकडा बदलून लिहिणाऱ्या मुलींची पूर्ण जर्नलं ती परत करत असे. दहा वर्षांत तिने एकाही मुलीला सोडलं नव्हतं.

रुपचंदचा चेहरा उतरला. "असं होय," तो म्हणाला. "बसमध्ये दबली असेल. नाना, माफ करा. माझ्यामुळे उगाच पोराला हरल्यासारखं झालं." तो आत जाऊन मुकाट्याने मॉनिटर बारदानात घालू लागला. 

नानांचा जीव मात्र भांड्यात पडला. "तरीच म्हणलं! आता एकट्याचं दाखव. जाता जाता पाहून जातो."

लीलाधरने खेळ पुन्हा लावला. केबल काढून टाकल्यावर त्याचे खांदे खाली आले. पहिलं विमान पडलं, दुसरं पडलं. नाना बोटांवर मोजत होते. पाचव्याच्या मागे असताना आवाज थांबला. विमान पडद्यावर तिरपं थिजलं. लीलाधरने चेहरा खिडकीकडे वळवला, नानांना दिसू नये असा.

"थांबलं काय?"

"मी थांबवलं, नाना."

"पाह्य!" नाना कौतुकाने म्हणाले. "खऱ्या विमानात पण असं थांबवता येते काय रे?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच विचारायचं होतं. आतून रुपचंद हसला, मग आपलं हसणं एकट्याचंच आहे हे लक्षात येऊन गप्प झाला.

लीलाधरचा चेहरा खिडकीकडेच होता. सुनंदा थांबली. तो स्वतः सांगेल म्हणून ती थांबली, आणि तो सांगणार नाही हे तिला माहीत होतं, तरी थांबली. पुढे काय होणार तेही तिला दिसत होतं. नाना या घरात पुन्हा जेवायचे नाहीत. लीलाधर जन्मभर तिच्याशी बोलायचा नाही. त्याला कुठल्यातरी भांडाराच्या टेबलाशी बसवतील, तिथून आकाश दिसेल न दिसेल. त्याचा जीव वाचेल, आणि त्या वाचलेल्या जिवाचं काय करायचं हे त्याला कोणी सांगू शकणार नाही, तीसुद्धा नाही. यातून कोणाचंही भलं होईल असं काही तिला सापडत नव्हतं. तिने सगळीकडून शोधून पाहिलं होतं.

खेळ पुन्हा सुरू झाला. पाचवं विमान पेटून खाली गेलं.

"पाच," नाना म्हणाले.

"नाना," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तेवढाच होता. "रुपचंदची केबल चांगली आहे, मी खोटं सांगितलं. लीलाधरला अजून गरगरतं. तो हे बंगळूरला सांगणार नाही, म्हणून मी सांगणार आहे. उद्या सकाळी डॉक्टरांना पत्र पाठवते."