टेपातल्या बाई

"अकरा रकाने? अहो साहेब, हे वहीचं पान आहे की नांगरायचं रान?" तोफमास्तर गरजले. त्यांच्या आवाजामुळंच त्यांना ते नाव पडलं होतं. बाकीचे गुरुजी खो खो हसले.

पाच शाळांची महिन्याची बैठक होती. उद्या शिकवायचं त्याचं टाचण आज लिहून ठेवायचं, हा रिवाज जुनाच. पण ते कोणत्या नमुन्यात लिहायचं, यावर सकाळपासून खडाजंगी चालली होती. लहान नमुन्यात तीन रकाने, मोठ्यात अकरा. त्यातला आठवा 'साधनाचा वापर'.

शाळा तपासणाऱ्या साहेबांनी कपाटातून टेपरेकॉर्डर काढला. "पाच शाळांत मिळून हा एकच आलाय. मोठा नमुना घेतलात तर एकेक महिना फिरेल. वर दाखवायला मला आठवा रकाना लागतो. नाहीतर राहील कपाटात."

"राहू दे!" तोफमास्तर म्हणाले. "घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. लिहायचं कधी नि शिकवायचं कधी?"

एका शाळेला एक मत. साहेबांच्या मर्जीतल्या दोघांनी मोठ्याला हात वर केले, तोफमास्तर आणि त्यांचा दोस्त लहान्याला. राहिल्या माळावरच्या शाळेच्या बाई.

बाई एकट्या, खोली एक आणि इयत्ता चार. चौथीला भागाकार सांगायला लागलं की दुसरी उधळायची. दुसरीला आवरावं, तर चौथीतली पोरं कंटाळून पाखरं राखायला रानात पसार. पाचातली दोन गेली होती ती आलीच नव्हती. उरलेली तिघं कधी जातील याचा नेम नव्हता.

घरीही बाई एकट्याच. मोठ्या माणसाशी चार शब्द बोलणं व्हायचं ते या बैठकीत. चहा आला की तोफमास्तर बाकावर सरकून म्हणायचे, "या बाई, माळावरची हवा काय म्हणते?" तेवढ्यावर बाईंचा महिना निघायचा.

बाईंनी मोठ्या नमुन्याला हात वर केला.

"हे काय केलंत, बाई? तुमच्या एकटीच्या सोयीपायी आमच्या सगळ्यांच्या गळ्यात लोढणं!" तोफमास्तर कडाडले.

"माझी चौथी निघून चाललीय, गुरुजी."

"आणि आमच्याकडं काय फौज आहे शिक्षकांची?"

चहा आला. बाकावर कुणी सरकलं नाही.

पहिला महिना बाईंना मिळाला. टेप पोटाशी धरून, ढेकळं तुडवत त्या माळावर आल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दार लावून घेतलं, बटण दाबलं आणि रिकाम्या सतरंजीला दुसरीचा धडा शिकवायला बसल्या. "सात आणि पाच किती?" पोरांना उत्तर द्यायला वेळ हवा म्हणून मनात दहापर्यंत मोजलं. बाहेर वारा पत्रा वाजवत होता. "शाब्बास!" बाई म्हणाल्या. पुन्हा प्रश्न, पुन्हा दहापर्यंत मोजणं. एवढी शांत खोली त्यांनी कधी ऐकली नव्हती.

सकाळी टेप सुरू झाला. दुसरी कान टवकारून बसली आणि बाई चौथीकडं वळल्या.

"सात आणि पाच किती?" टेप म्हणाला.

"अकरा!" झिपरी ओरडली. झिंज्यांमुळं तिला सगळे झिपरीच म्हणत.

"शाब्बास!"

बाई धावत आल्या. "अगं, बारा!"

"पण त्या बाई शाब्बास म्हणाल्या."

"त्यांना ऐकू येत नाही."

"मग त्याच बऱ्या," झिपरी म्हणाली. "तुम्ही लगेच डोळे वटारता."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी 'शाब्बास' पुसलं आणि तिथं भरलं, "बारा आले ना? नसतील तर बोटं मोजा." महिनाभरात चौथीचा भागाकार पुरा झाला. बोलणारी पेटी ऐकायला म्हणून मेंढक्याची पोर परत आली, ती टिकली. तिघांची चार झाली.

झिपरीची गंमत बाईंनी महिनाभर जपली. सांगायला घरात होतं कोण?

पुढच्या बैठकीत चहा आला तशा त्या म्हणाल्या, "अहो, ऐका तरी, आमच्या दुसरीत काय झालं..."

तोफमास्तरांनी टाचणातून मान वर केली नाही. "अनुभवाचा रकाना अकरावा, बाई. तिथं लिहा."

सगळे हसले. तोफमास्तरांनी टेप आपल्या पिशवीत घातला. दुसरा महिना त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी झिपरीनं विचारलं, "बाई, त्या बाई कुठं गेल्या?"

"बदली झाली त्यांची."

"परत कधी येणार?"

"चार महिन्यांनी."

"तोवर?"

"तोवर मीच," बाई म्हणाल्या आणि खडू घेऊन दुसरी आणि चौथीच्या मधोमध उभ्या राहिल्या. तोंड दुसरीकडं, कान चौथीकडं.